ओठांवरचा प्रश्न

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास, दुरुस्तीसाठी बंद ठेवलेली एका सहा मजली इमारतीची लिफ्ट एकाएकी खाली आली. लिफ्टखालच्या खड्ड्यात एक मेकॅनिक काम करत होता. तो जागीच गेला. दुसरा लिफ्टच्या टपावर उभा होता. त्याच्या बरगड्या मोडल्या, उजवा हात मोडला, आणि उजवं पाऊल लिफ्टचा टप आणि भिंतीतली लोखंडी पट्टी यांच्यात सापडून चेंगरलं.

गेलेल्याला सगळे बारक्या म्हणत. अंगाने काटकुळा, त्यामुळे खड्ड्यात उतरायचं काम कायम त्याच्या वाट्याचं. टपावरचा त्याचा थोरला जोडीदार. एकमेकांच्या शिव्या खात दोघांनी उमेदीची सगळी वर्षं एकत्र काढली होती. त्यांच्या कामाचा एक साधा नियम होता. टपावरून लिफ्ट हलवायची तर आधी खाली हाळी द्यायची. खालच्याने तीच हाळी जशीच्या तशी परत द्यायची. ती कानावर आली की मगच बटण दाबायचं. त्या सकाळी हाळी दिली गेली का, परत आली का, की लिफ्ट आपल्या आपण सुटली, हे चौकशीत ठरायचं होतं.

टपावरच्या मेकॅनिकची धाकटी बहीण यंत्रमागाच्या कारखान्यात विणकर होती. बातमी तिला सगळ्यांत शेवटी कळली. फोनवर ती नुसती ‘हां, हां’ करते आणि भलतंच धरून बसते, म्हणून तिला फोन करायच्या भानगडीत कुणी पडत नसे. भावाच्या मुलाने, तिच्या भाच्याने, शेवटी कारखान्याच्या मुकादमाला गाठलं. मुकादम तिच्याजवळ आला आणि काही न बोलता त्याने तिचा माग बंद केला. तिथली रीतच तशी. चालत्या मागावर कुणाला वाईट बातमी द्यायची नाही, हात जातो. त्यामुळे कुणी आपणहून येऊन माग थांबवला की काहीतरी वाईट घडलंय हे कळतंच. सांगणाऱ्याला निम्मंच सांगावं लागतं.

मागांच्या खडखडाटात तिची हयात गेली होती. कान कधी गेले ते तिचं तिलाही समजलं नाही, कारण तिथे कानांना कामच नव्हतं. चार मागांपलीकडच्या बाईशी बोलायचं तर ओठ मोठे करून हलवायचे आणि समोरचीने ते बघून उमजायचं. अख्खा कारखाना असा बोलायचा, भांडायचा, सोयरिकी जुळवायचा. घरी मात्र ती बोलायला लागली की फडताळातली भांडी हलत. भाच्याने लहानपणीच तिचं नाव भोंगा आत्या ठेवलं होतं, आणि ते तिला चिकटलं ते चिकटलंच.

ऐकू येत नाही हे तिने घरात कधी कबूल केलं नव्हतं. वहिनीचंही त्यावर एक मत होतं: “हवं तेवढं बरोबर ऐकू येतं हो वन्संना.” त्याला पुरावा होता. भाच्याच्या लग्नात वहिनी दालनाच्या दुसऱ्या टोकाला आपल्या बहिणीच्या कानाशी लागून म्हणाली होती, “आली बघ. आता दुसऱ्या कुणाला बोलायला मिळायचं नाही.” त्यावर इकडून तारस्वरात उत्तर आलं होतं, “बोला की! मी काय तोंड धरलंय तुमचं?” सगळं लग्नघर वळून बघायला लागलं. तेव्हापासून नणंद समोर असली की वहिनी तोंडावर हात धरून बोले.

अतिदक्षता विभागात एका वेळी एकालाच सोडत. आत जायच्या पाळ्या वहिनीने आणि भाच्याने वाटून घेतल्या होत्या. आत्याचा नंबर लागत नव्हता. “तिथे शांतता लागते,” एवढंच तिला सांगण्यात आलं. ती कारखान्यातली पहिली पाळी संपली की डोक्याला रुमाल बांधलेली तशीच यायची, कपड्यांवर कापसाचे तंतू, आणि बाहेरच्या बाकावर बसून राहायची.

दुसऱ्या आठवड्यात भावाच्या तोंडातली श्वासाची नळी काढून गळ्याला छेद देऊन तिथून घातली. तोंड मोकळं झालं, पण हवा नळीवाटेच बाहेर पडत असल्यामुळे आवाज नाही. शुद्ध मात्र पूर्ण होती. तो ओठ हलवायचा, आणि ते कुणालाच कळायचं नाही. भाचा म्हणायचा, “पाणी? दुखतंय? कूस बदलायची?” भाऊ डोळे मिटून घ्यायचा. नर्सने अक्षरांचा फळा आणला; एकेका अक्षरावर बोट ठेवत गेलं की हवं तिथे पापणी मिटायची. काना-मात्रा येईपर्यंत तो थकून झोपी जाई. उजवा हात प्लास्टरमध्ये, डावा थरथरणारा. चष्मा लिफ्टखाली गेलेला.

बारक्याबद्दल त्याला काही सांगायचं नाही, हे घरात पहिल्याच दिवशी ठरलं होतं. “पुढच्या वॉर्डात आहे, बरा आहे,” असं भाच्याने त्याला आपणहून सांगून टाकलं होतं.

मग पाय काळा पडायला लागला. डॉक्टरांनी वहिनीला आणि भाच्याला बाहेर बोलावून सरळ सांगितलं, “गुडघ्याखाली कापावा लागेल. उशीर केला तर गुडघ्याच्या वर, आणि आणखी उशीर केला तर पायापुरतं राहणार नाही.”

“कुठे सही करू?” भाचा म्हणाला.

“तुमची नको. ते शुद्धीवर आहेत, त्यांना सगळं कळतंय. पाय त्यांचा आहे. मी सकाळी त्यांना समजावलं. त्यांनी मानेने नाही म्हटलं.”

“त्यांना काय कळतंय, डॉक्टर!”

“नाही म्हटलं आणि मग बराच वेळ ओठ हलवत होते. ते काय म्हणाले ते मला कळलेलं नाही. कळल्याशिवाय मी त्यांच्या नकाराला नकार तरी कसा म्हणू?”

नर्स तिथेच होती. ती म्हणाली, “मला तर वाटतं, ते काही सांगत नाहीयेत. काहीतरी मागताहेत.”

हे बोलणं चाललं होतं तेव्हा आत्या बाकावरून उठून दाराच्या काचेशी गेली होती. आतला पडदा नेहमी ओढलेला असे. आज डॉक्टर घाईत बाहेर आले तसा तो उघडाच राहिला होता. खाटेजवळ कुणी नव्हतं. भाऊ छताकडे बघत होता आणि त्याचे ओठ हलत होते, कुणाला उद्देशून नव्हे, नुसतेच.

“तो बारक्याचं विचारतोय!” आत्याचा आवाज लांबच्या जिन्यापर्यंत गेला.

सगळे वळले. “तुम्हाला काय माहीत?” वहिनी म्हणाली.

“दिसलं.”

“ओठ वाचता येतात तुम्हाला?” नर्सने विचारलं. आत्याने तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, “आमच्याकडे सगळ्यांनाच येतात. त्यात काय!”

“एवढे दिवस मग बोलला का नाहीत?” भाचा वैतागला.

“आत सोडलं कधी मला?”

डॉक्टर म्हणाले, जाऊ दे त्यांना. वहिनीने नणंदेला कोपऱ्यात घेतलं आणि आज प्रथमच, तोंडावर हात न धरता, सरळ तिच्याकडे बघत म्हणाली, “वन्सं, पायाचं तेवढं विचारा. बारक्याचं अक्षर काढायचं नाही. ते ऐकून ह्यांच्या जिवाचं काही झालं तर मी कुठे जाऊ? शब्द द्या मला.”

“दिला,” आत्या म्हणाली. देताना तिला तो खरंच पाळायचा होता.

ती खाटेच्या डाव्या अंगाला उभी राहिली, खिडकीचा उजेड त्याच्या तोंडावर पडेल अशी. ओठ सुकून पांढरे पडले होते. तिला पाहून ते हलले, पण थोडेच, गालातल्या गालात.

“दादा, मोठं बोल. आमच्यासारखं.”

त्याला ते ठाऊक होतं. ती कारखान्यात नवी लागली तेव्हा तिचा विसरलेला डबा द्यायला तो एकदा आला होता, आणि दारातून त्या बायकांकडे बघत हसत सुटला होता: “टाकीतल्या माशांसारखी तोंडं काय करता गं?” आता त्याने स्वतःच तसं तोंड केलं.

“बारक्या,” तिने ओठ बघून म्हटलं. “पुढे?”

“कुठंय?”

“पुढच्या वॉर्डात आहे. बरा आहे.”

“खोटं.”

मग तो आणखी काही म्हणाला, लांबलचक. तिने ते दोनदा म्हणायला लावलं. ओठांवर सगळं कधीच दिसत नाही. निम्मं दिसतं, निम्मं जुळवावं लागतं. म्हणून कारखान्यातल्या बायका जुळवलेलं समोरचीला परत म्हणून दाखवतात. तिनेही तेच केलं. “तो जवळपास असता तर... एव्हाना एक तरी शिवी ऐकू आली असती?”

त्याने डोळे मिटून उघडले. हो.

दुसऱ्या कुठल्याही दिवशी ती खो-खो हसली असती. “दादा, पायाचं बोल ना. डॉक्टर खोळंबलेत.”

त्याने मान हलवली. सकाळी डॉक्टरांसमोर हलवली तशीच. आणि ओठांनी म्हणाला, “आधी सांग.”

“आधी तुला सांगायचं? मग तू पायाचं बोलशील?”

डोळे मिटले.

म्हणजे नकार नव्हताच. इतके दिवस सगळे येऊन त्याला प्रश्न विचारत होते, आणि त्याच्या तोंडावर उत्तर शोधत होते. तिथे उत्तर नव्हतं, प्रश्न होता. ज्याच्यापाशी आवाज नाही त्यालाही काही विचारायचं असेल, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

तिने मागे वळून काचेकडे पाहिलं. वहिनी तिथे उभी होती. दिलेला शब्द काचेपलीकडे, विचारलेला प्रश्न अलीकडे. मग तिने मनाशी एक तोड काढली. आवाज काढायचाच नाही. नुसते ओठ हलवायचे. त्याला कळेल, बाकी कुणाच्या कानी जाणार नाही, आणि शब्द मोडला तरी मोडल्याचं कुणाला समजणार नाही.

तिने त्याचा डावा हात घट्ट धरला. हातावरची पकड जाणवून त्याचा चेहरा उतरू लागला. निम्मं तिथेच सांगून झालं.

“दादा, बारक्या गेला. तिथेच गेला. त्याच वेळी.”

तिच्या मते हे ती नुसत्या ओठांनी म्हणाली. पण शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याने डोळे उघडले. नर्सने हातातली बाटली तशीच ठेवून इकडे पाहिलं. काचेपलीकडे वहिनीने कपाळावर हात मारून घेतला. आवाज निघाला होता. तिला तो ऐकू आला नाही. लोकांच्या चेहऱ्यांवर दिसला. कारखान्यात ओठ हलवताना आवाज निघाला काय, न निघाला काय, सारखंच. त्यामुळे तो निघतोय का हे पाहायची सवयच तिला कधी लागली नव्हती.

खाटेजवळचं यंत्र वाजायला लागलं. नर्सने तिला बाजूला केलं. भावाचं तोंड उघडं होतं, छाती जोरात वर-खाली होत होती, आणि डोळ्यांच्या कडांतून पाणी कानांकडे चाललं होतं. ते पुसायला त्याचा डावा हात वर जाईना.

बाहेर वहिनी वाटच बघत होती.

“शब्द दिला होतात, वन्सं!”

“दिला होता.”

“मग?”

“नुसते ओठ हलवणार होते.”

“आत्या,” भाचा म्हणाला, “खालच्या मजल्यावरच्या लोकांनासुद्धा कळलं असेल आता.”

वहिनीने तोंडावर हात धरला आणि मुलाकडे वळून काहीतरी म्हणाली. आत्या पुढे झाली.

“हात काढा, वहिनी. शिव्या द्यायच्या तर तोंडावर द्या. हात धरलात की मला कळत नाही.”

“कळत नाही म्हणजे?”

“ऐकू येत नाही मला. बरीच वर्षं झाली.”

वहिनीचा हात खाली आला. “मग लग्नात ते...”

“दिसलं होतं.”

वहिनी बाकावर बसली. मग म्हणाली, “म्हणजे एवढी वर्षं मी हात धरून बोलत होते तेव्हा तुम्हाला काहीच कळत नव्हतं?”

“मला नावं ठेवताय, असं धरून चालले होते.”

“काही वेळा ठेवत होते,” वहिनी म्हणाली. “काही वेळा नुसतं भाजी काय आणायची ते सांगत होते हो.”

दोघीही हसल्या नाहीत. पण वहिनीने बाकावर थोडं सरकून जागा केली.

नर्स बाहेर आली. यंत्र शांत झालं होतं. तो पुन्हा ओठ हलवत होता. डॉक्टरांनी या वेळी तिघांनाही आत घेतलं.

“कापा,” भाऊ म्हणाला. आत्याने ते मोठ्याने सांगितलं. भाच्याने सुटकेचा श्वास सोडला.

“पण आधी तिला आणा.”

“कुणाला?”

“बारक्याची.”

“बायको? कशाला, दादा?”

आता तो सावकाश बोलत होता, एकेक शब्द सोडवून. हे चुकीचं जुळवून चालणार नव्हतं. तिने प्रत्येक तुकडा परत म्हणून दाखवला आणि त्याने डोळे मिटल्यावरच पुढे गेली. “हाळी दिली होतीस का, ते तुला आठवत नाही... परत आली होती का, तेही आठवत नाही... बटण दाबल्याचं आठवतं?”

डोळे मिटले. बराच वेळ मिटलेलेच राहिले.

“हे तिला सांगायचंय. तू स्वतः.”

हो.

“मग ते नंतर सांग ना! पाय आज, ती उद्या.”

नाही. तो म्हणाला ते तिने ऐकवलं तेव्हा तिचाही आवाज उतरला होता. “म्हणतोय, पाय गेल्यावर तिला दया येईल. आत्ता शिव्या द्यायच्या असल्या तर देता येतील.”

“बाबा, चौकशी चालू आहे,” भाचा खाटेच्या दांड्याला धरून म्हणाला. “आठवत नाही तर गप्प राहा ना. बटणाचं कशाला बोलायचं? उद्या हेच तुमच्यावर उलटेल.”

भावाने त्याच्याकडे पाहिलं आणि नजर वळवली. त्याला उत्तर समजायला आत्या लागली नाही.

डॉक्टर म्हणाले, “चार वाजता ऑपरेशन थिएटर मोकळं होतंय. तोवर जे करायचं ते करा. ती बाई आली नाही तर मी त्यांना पुन्हा विचारेन, विनंती करेन. जबरदस्ती करता येत नाही.”

बारक्याच्या घरी या घरातलं कुणीही गेलेलं नव्हतं. काय तोंड घेऊन जायचं, असं रोज म्हणून रोज राहून जात होतं. “मी जाते,” आत्या म्हणाली. भाच्याने तिला स्कूटरवरून गल्लीच्या तोंडापर्यंत सोडलं. पुढे यायला तो तयार नव्हता.

एकच खोली, दार उघडं. दाराशी बारक्याची हत्यारांची पिशवी. कंपनीने परत पाठवलेली, अजून न सोडलेली. त्याची बायको मोरीशी पाठमोरी भांडी घासत होती. आत्याने आपण कोण ते सांगितलं, भाऊ काय म्हणतो ते सांगितलं, आणि ते समोरच्या बिऱ्हाडातही ऐकू गेलं असावं, कारण तिथलं दार किलकिलं झालं. मोरीतला हात थांबला नाही. आत्या उभी राहिली. बाई काही बोलतेय की नाही हेच तिला कळेना. खांदे तेवढे हलत होते.

“इकडे तोंड करून बोल गं बाई,” ती म्हणाली. “मला ऐकू येत नाही.”

बायको वळली. डोळे कोरडे होते. “मी विचारलं, कशाला बोलावलंय? माफी मागायला?”

“नाही.”

“मग?”

“त्याला आठवत नाही, हे सांगायला.”

“आठवत नाही! हे बरंय.” तिने हातातला काथ्या खाली टाकला. “ताई, त्यांनी हाळी दिली असती तर ह्यांनी परत दिली असती. ह्यांना गप्प राहणं माहीतच नव्हतं. घास तोंडात असताना बडबड चालायची. म्हणजे हाळी दिलीच नाही? की दिली, ह्यांनी परतही दिली, बटण दाबलं ते वर जायचं आणि लिफ्ट खाली आली? मी कंपनीला विचारलं. कंपनी म्हणते चौकशीवाले कळवतील. चौकशीवाले म्हणतात कंपनीला विचारा. आणि तुमच्या घरचं तर कुणी फिरकलंच नाही.”

“नाही आलो.”

“का?”

“काय तोंड घेऊन यायचं, म्हणून.”

“जे आहे ते घेऊन यायचं.”

आत्या पिशवीशेजारी जमिनीवर बसली. बायको उभीच होती. नळ चालू राहिला होता. तो तिने बंद केला.

“त्यांना आवाज नाही म्हणतात. मग ते काय बोलले ते मला कसं कळणार?”

“मी सांगेन.”

“तुम्ही त्यांची बहीण.”

आत्याला पटलं. बाईचं बरोबर होतं. आपण तिच्या जागी असतो तर आपणही हेच म्हटलं असतं. बटण दाबल्याचं आठवतं, हे एवढंच मधल्यामध्ये गाळायला कितीसा वेळ लागतो, आणि ते कुणाला दिसणार होतं?

“मग तू स्वतः बघ,” ती शेवटी म्हणाली. “मी बाहेर थांबते. चल, वाटेत शिकवते तुला.”

“असं वाटेत येतं होय?”

“नाही येत. आमच्याकडे नव्या पोरीला वर्ष लागतं. पण तो सावकाश बोलेल, आणि तू काय विचारणार आहेस ते तुला माहीत आहे. त्याने निम्मं काम होतं.”

बायकोने हो म्हटलं नाही. तिने हात पुसले, केसांवरून हात फिरवला, चपला घातल्या, आणि कुलूप शोधायला लागली.

भाच्याला स्कूटर घेऊन पुढे पाठवून दोघी बसने निघाल्या. बसमध्ये आत्याने तिला शिकवलं, जमेल तेवढं. ओठ मिटले की प, ब किंवा म. तिन्ही सारखेच दिसतात, पुढच्या शब्दावरून ओळखायचं. डोळ्यांकडे बघायचं नाही, डोळे फसवतात. शंका आली की पुढे जायचं नाही, समजलं ते परत म्हणायचं आणि त्याने पापण्या मिटेपर्यंत थांबायचं. “आमची हाळीच समज,” ती बोलून गेली, आणि बोलून गेल्यावर खिडकीबाहेर बघायला लागली. पुढच्या सीटवरचे दोघे मागे वळून बघत होते. आत्याने त्यांच्याकडे पाहिलं आणि बाईला विचारलं, “मोठ्याने बोलतेय का मी?”

“हो.”

“तर मग सांगत जा.”

थोड्या वेळाने बायकोने तिच्याकडे तोंड करून, आवाज न काढता, दोनच शब्द उच्चारले. आत्याने ते परत म्हटले: “भीती वाटते?” बायकोने होकाराची मान डोलावली.

त्या पोचल्या तेव्हा चारला थोडा अवकाश होता. वहिनी दाराशी उभी होती. दोघी बायका समोरासमोर आल्या. वहिनी म्हणाली, “मी यायला हवं होतं.” बारक्याची बायको म्हणाली, “हो.” मग नर्सने दार उघडलं आणि ती एकटीच आत गेली. आतला पडदा नर्सने ओढला नाही.

चार वाजले. वॉर्डबॉयने ट्रॉली आणून दाराला समांतर लावली आणि भिंतीला टेकून उभा राहिला. डॉक्टर आले, त्यांनी काचेतून पाहिलं, घड्याळ पाहिलं, दाराच्या मुठीवर हात ठेवला आणि काढून घेतला. भाचा कंपनीच्या माणसाशी फोनवर बोलत होता. चौकशीचा अहवाल आज तरी येत नाही, एवढंच त्याला तिकडून कळलं.

“काय म्हणतोय तो?” वहिनीने विचारलं. तिने नणंदेच्या दंडाला धरून तिला आधी आपल्याकडे वळवलं होतं.

आत्याने काचेला कपाळ लावलं. आत बारक्याची बायको खाटेवर वाकली होती. तिची पाठ दिसत होती, आणि उशीचं एक टोक.

“दिसत नाही,” ती म्हणाली. “मध्ये ती आहे.”

सव्वाचार वाजता ट्रॉली दाराशीच होती, आणि बारक्याची बायको अजून आत होती.